हरलेली एक मॅच

आधी एक खुलासा. हा फुटबॉल म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर पटकन येतो तो गोल चेंडूचा खेळ नव्हे. हा अमेरिकेतला. लंबगोल चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर उशा बांधल्यासारखे पॅड, आणि पायाचा संबंध बव्हंशी नावापुरता. मग याला फुटबॉल का म्हणायचं, हा प्रश्न सुरुवातीला मला फार छळायचा. आता छळत नाही. आता रात्री पडल्यापडल्या वेगळेच प्रश्न सुचतात. १९८५चे शिकागो बेअर्स आणि १९८९चे सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स हे दोन संघ समोरासमोर आले असते, तर काय झालं असतं?

हा रोग मला एका मित्राने लावला. एनएफएल, म्हणजे तिथली या खेळाची व्यावसायिक लीग, तिच्यातला आजवरचा सर्वांत भारी विजेता संघ कोणता, यावर आमचा वाद कित्येक वर्षं चालू आहे. दिवाणी दाव्यासारखा. तारखा पडतात, निकाल लागत नाही. त्याचे अशील १९७२चे मायामी डॉल्फिन्स, माझे बेअर्स. त्याचा युक्तिवाद एका दमात संपतो. "सतरा खेळले, सतरा जिंकले. आता तू बोल."

आता खरं तर बोलण्यासारखं काही उरत नाही. साखळीतले १४ सामने, प्लेऑफचे म्हणजे बाद फेरीचे दोन आणि वर सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना. एकही न हरता सुपर बोलपर्यंत जाऊन तो जिंकणारा दुसरा संघ आजवर झालेला नाही. तरी मी बोलतोच. "प्रतिस्पर्धी कोण होते ते बघ की! साखळीत समोर आलेल्या संघांपैकी जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त असणारे फक्त दोन. तेही आठ जिंकलेले, सहा हरलेले." यावर त्याचं उत्तर तयार असतं. पाचव्या सामन्यात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा मुख्य खेळाडू, बॉब ग्रीसी याचा पाय मोडला आणि अर्ल मॉरल नावाच्या ३८ वर्षांच्या गड्याने गाडा पुढे ओढला. बरं, एवढं अपराजित राहूनही सुपर बोलच्या आधीचा सामना त्यांना पिट्सबर्गला जाऊन खेळावा लागला, कारण तेव्हा यजमानपद कामगिरीवर नव्हे, आळीपाळीने ठरायचं. हा मुद्दा आला की मी विषय बदलतो.

विषय बदलायला काळ बरा पडतो. साखळीतले सामने तेव्हा १४ होते, १९७८ला १६ झाले, २०२१पासून १७. त्याच १९७८मध्ये नियम आला की बचाव करणाऱ्याने पास झेलणाऱ्याला पहिल्या पाच यार्डांच्या पुढे धक्काबुक्की करायची नाही. १९९४पासून संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली, त्यामुळे सगळे हिरे एकाच हारात ओवायची सोय गेली. थोडक्यात, वेगवेगळ्या मापांनी मोजलेलं धान्य आपण एकाच पोत्यात ओततो आणि वर वजन विचारतो. हे आम्हा दोघांनाही कळतं. म्हणून वाद थांबला असं मात्र कधी झालेलं नाही.

माझ्या बेअर्सचं म्हणाल, तर ते त्या मोसमात १९पैकी १८ सामने जिंकले. प्लेऑफमध्ये न्यूयॉर्क जायंट्सना २१-०, लॉस एंजेलिस रॅम्सना २४-०. मग २६ जानेवारी १९८६ला न्यू ऑर्लिन्समध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सना ४६-१०. त्या अख्ख्या सुपर बोलमध्ये पेट्रियट्सना चेंडू घेऊन धावून एकूण किती यार्ड मिळाले? सात. एवढं तर माणूस घरातल्या घरात चष्मा शोधताना चालतो. बचावाच्या त्या पद्धतीचं नाव '४६'. डग प्लँक या बचावपटूच्या जर्सीचा तो क्रमांक. गंमत म्हणजे १९८५मध्ये प्लँक संघात नव्हताच. आकडा राहिला, माणूस गेला. सामना संपल्यावर खेळाडूंनी मुख्य प्रशिक्षक माइक डिटकांना खांद्यावर घेतलं आणि बचावफळीचे प्रशिक्षक बडी रायन यांनाही. या दोघांचं एकमेकांशी मुळीच पटायचं नाही. खांदे दोघांनाही मिळाले.

"पण हरले ना एकदा?" मित्र विचारतो.

हरले. २ डिसेंबर १९८५, सोमवारची रात्र, मायामी. तोवरचे बाराच्या बारा सामने बेअर्सनी जिंकले होते. १९७२च्या डॉल्फिन्समधले काही जुने खेळाडू मुद्दाम मैदानाच्या कडेला येऊन उभे होते. आपल्या विक्रमाला हात घालणारा पाहुणा कोण आहे ते बघायला. मायामीचे प्रशिक्षक तेव्हाही डॉन शुला, १९७२चेच. मध्यंतराला मायामी ३१-१० असे पुढे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मायामीच्या डॅन मरिनोने चेंडू फेकला तो बेअर्सच्या डॅन हॅम्प्टनच्या हेल्मेटवर आपटला, वर उडाला आणि अलगद जाऊन पडला मायामीच्याच मार्क क्लेटनच्या हातात. टचडाउन, म्हणजे चेंडू थेट गोलरेषेपार! हॅम्प्टन जागेवर होता, त्याचं काहीएक चुकलं नव्हतं. त्याच्या डोक्याने मात्र घात केला. ३८-२४.

माझ्याकडे याची कारणं आहेत. नेहमीचा क्वार्टरबॅक जिम मॅकमहन दुखापतीमुळे बाहेर बसला होता, तो शेवटी शेवटी आला वगैरे. शिवाय दुसऱ्याच दिवशी खेळाडूंना 'आम्ही निघालो सुपर बोलला' अशा थाटातल्या गाण्याच्या चित्रीकरणाला उभं राहायचं होतं. मार खाऊन आल्यावर बारा तासांत नाचायचं! आणि ते नाचले.

एवढं सांगून होईपर्यंत माझ्या लक्षात येतं, की बेअर्सची वकिली करताना मी १८ विजय दोन मिनिटांत उरकले आणि या एका हरलेल्या मॅचमध्ये पुरता रंगलो. बाकीच्या संघांचंही तसंच. फोर्टीनायनर्सनी १९८९च्या मोसमात प्लेऑफ आणि सुपर बोल धरून तीन सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना १२६-२६ असं धुतलं, त्यात डेन्व्हरला ५५-१०. आणि बोलणं कशावर येतं, तर ते दोन सामने हरले ते मिळून अवघ्या पाच गुणांनी. १९६२चे ग्रीन बे पॅकर्स चौदापैकी तेरा जिंकले. लोकांच्या तोंडी असतो तो उरलेला एक, थँक्सगिव्हिंगच्या सणाचा, डेट्रॉइटच्या गड्यांनी पॅकर्सच्या क्वार्टरबॅक बार्ट स्टारला ११ वेळा चेंडूसकट आडवं केलं तो. १९९१चा वॉशिंग्टनचा संघही दोनच हरला, तोही एकूण पाच गुणांनीच. पण त्यांचं वकीलपत्र घ्यायला कोणी पुढे येत नाही. बिचारे!

आणि २००७चे पेट्रियट्स? सलग १८ जिंकले, मग सुपर बोलमध्ये जायंट्सकडून १७-१४. शेवटच्या काही क्षणांत जायंट्सच्या डेव्हिड टायरीने उडी मारून चेंडू एका हाताने स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरला, अंगाला पेट्रियट्सचा रॉडनी हॅरिसन लोंबकळत असताना. पुन्हा हेल्मेटच. त्यानंतर टायरीने एनएफएलमध्ये एकही पास झेलला नाही. वाद विजेत्यांचा, म्हणून पेट्रियट्सना आम्ही दारातच अडवतो. तरीही दर खेपेला अर्धा तास ते खातातच.

डॉल्फिन्सबद्दल माझी खरी तक्रार हीच होती. सांगण्यासारखी हार नाही, मग बोलायचं काय? सतरा-शून्य म्हणजे गुळगुळीत भिंत, पकडायला खाच नाही.

मग एकदा त्यांचा सुपर बोल नीट पाहिला. १४ जानेवारी १९७३, लॉस एंजेलिस. वॉशिंग्टनविरुद्ध १४-०, जेमतेम दोन मिनिटं उरलेली. एक फील्ड गोल बसला, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून पार गेला, की १७-०. सतरा-शून्यच्या मोसमाला सतरा-शून्यचाच शेवट. गॅरो येप्रेमियन पुढे आला. बुटका, टक्कल पडलेला, काम फक्त लाथ मारायचं. त्याने मारलेला चेंडू अडवला गेला आणि उसळून त्याच्याकडेच परत आला. गप्प अंगाखाली घेऊन पडायचं, तर याला पास फेकायची हुक्की आली. ओल्या साबणासारखा तो हातातून सटकला. पुन्हा त्याने त्यावर हात मारला आणि तो वर उडाला. वॉशिंग्टनच्या माइक बासने तो झेलला आणि ४९ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. १४-७. दोन मिनिटं अख्ख्या मोसमाचा जीव टांगणीला.

मी तो तुकडा मागे नेऊन सात-आठ वेळा पाहिला. त्या रात्रीपासून डॉल्फिन्स माझ्या यादीत बरेच वर सरकले आहेत. मित्राला अजून सांगितलेलं नाही.