आमची वाटचाल: पॉइंट काढण्यापासून युनिट मोजण्यापर्यंत

आम्ही धंद्यात उतरलो तेव्हा घरगुती वीजकामाचं स्वरूप ठरलेलं होतं. नवं घर असेल तर पॉइंट काढायचे, जुनं असेल तर जळके स्विच बदलायचे, पंखा उचलत नसेल तर कॅपॅसिटर टाकायचा. मजुरी पॉइंटवर. जितके पॉइंट जास्त, तितकं आमचं बिल मोठं. विजेच्या बिलाशी आमचा काही संबंध नव्हता. ते गिऱ्हाईक आणि वीज कंपनी बघून घेत.

पण काम संपवून हत्यारं पेटीत भरायला घेतली, की घरातलं कुणीतरी बिल घेऊन यायचंच. "दादा, एवढं कसं येतं हो? आमच्याकडे असं मोठं आहे तरी काय?" या प्रश्नाला वायरमन मंडळींकडे दोन तयार उत्तरं असतात: मीटर फास्ट असेल, नाहीतर दिवे बंद करत जा. माझ्या भागीदाराला दोन्ही पटायची नाहीत. तो मीटरसमोर उभा राहून लाल दिव्याची लुकलुक मोजायला लागला. आज आमच्याकडे जे काम येतं त्यातलं बरंचसं त्या मोजणीतून आलेलं आहे, म्हणून ती आधी सांगतो. कुणालाही घरी करता येते.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवरच छापलेलं असतं. समजा ३२०० छापलंय. एक युनिट म्हणजे हजार वॅट एक तास, म्हणजे ३६०० सेकंद. दोन्हींचा गुणाकार ३६ लाख, त्याला ३२०० ने भागलं की ११२५. त्यावरून सरळ हिशेब निघतो: ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा, त्या क्षणी घर किती वॅट ओढतंय ते मिळतं. दर सेकंदाला लुकलुकत असेल तर ११२५ वॅट, दहा सेकंदांनी एकदा तर साधारण ११२. छापलेला आकडा वेगळा असेल तर ३६ लाखांना त्या आकड्याने भागून जे येईल ते ११२५ च्या जागी घ्यायचं. जुन्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरायची, तिच्या फेऱ्या मोजून हेच करता यायचं. हंगेरीतल्या ऑट्टो ब्लाथी या इंजिनिअरने १८८९ मध्ये तसल्या मीटरचं पेटंट घेतलं होतं, इतकी ही युक्ती जुनी. वायरमनच्या शिक्षणात ती फारशी कुणी शिकवत नाही, हे मात्र मला अजून विचित्र वाटतं.

मग आम्ही घरातलं सगळं बंद करायला लावू लागलो आणि एकेक वस्तू चालू करत मीटर बघू लागलो. घरातली माणसं आमच्या मागे उभी. पहिला धक्का असायचा तो दिव्यांचा. ज्या दिव्यांवरून घरात रोज भांडणं, ते मीटरला जेमतेम हलवत. पिवळ्या बल्बच्या काळात ती भांडणं योग्य होती, कारण बल्बला दिलेल्या विजेतली ९० टक्क्यांहून जास्त उष्णतेत जाते. आता ६० वॅटच्या बल्बचं काम आठ-नऊ वॅटचा एलईडी करतो. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. घरगुती बिलावर इतका थेट परिणाम करणारं दुसरं नोबेल मला तरी माहीत नाही. अर्थात दिवे एवढे काटकसरी झाल्यावर लोकांनी एका खोलीच्या छतात बारा-बारा लावून घेतले, आणि ते लावणारेही आम्हीच.

मोबाइलच्या रिकाम्या चार्जरचंही तसंच. वर्षभर भिंतीत अडकवून ठेवला तरी एखाद्या युनिटच्या आतबाहेर. सेट-टॉप बॉक्स मात्र रिमोटने बंद केला तरी आत जागाच असतो. अनेक बॉक्स दहा वॅट सतत खातात. दहा वॅट वर्षभर म्हणजे सुमारे ८८ युनिटं. बटण भिंतीवर आहे, हात पुरतो, एवढ्यावर विषय संपतो.

खरी वीज जाते ती तापवण्यात आणि थंड करण्यात. हे एक वाक्य आम्ही इतक्या घरांत बोललोय, की आमची कामावरची पोरं आम्ही तोंड उघडायच्या आधी ते म्हणून दाखवतात.

गिझर घ्या. लोक विचारतात, "किती वेळ चालू ठेवायचा?" वेळ हा प्रश्नच नाही, पाणी किती आणि किती अंशांनी तापवायचं हा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात, कोणत्याही कंपनीचा गिझर असो. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण अर्धं युनिट. दोन हजार वॅटचा गिझर हे काम सोळा-सतरा मिनिटांत करतो, नंतर थर्मोस्टॅट वीज तोडतो. म्हणून "गिझर तासभर चालू राहिला, दोन युनिटं गेली" हा घरोघरचा हिशेब चुकीचा असतो. दिवसभर चालू राहिलेला गिझर मात्र टाकीच्या भिंतीतून गळणारी उष्णता पुन्हापुन्हा भरत बसतो. आपण वापरत नसलेल्या पाण्यासाठी आपणच पैसे मोजतो. कॉइलवर क्षार बसले की बिल वाढतं असंही कितीतरी लोक सांगतात. क्षारामुळे पाणी तापायला उशीर होतो, कॉइल आतून जास्त तापते आणि लवकर जळते. पण ती देते ती उष्णता शेवटी पाण्यातच जाते. क्षार काढायचे ते कॉइल वाचवायला. बिल त्याने फारसं हलत नाही. हे आम्ही स्पष्ट सांगतो, जरी क्षार काढण्याचे पैसे आम्हालाच मिळत असले तरी.

पाणी जास्तच लागत असेल, तर हीट पंप. तो विजेने उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, म्हणून एका युनिटात साधारण तीन युनिटांइतकं पाणी तापतं. दोन माणसांच्या घरात आम्ही तो सुचवत नाही. यंत्र महाग, आणि वाचवायला मुळात युनिटंच थोडी.

एसीबद्दल जितके वाद घालावे लागतात तितके दुसऱ्या कशाबद्दलही नाहीत. दीड टनाचा एसी पूर्ण भरात दीड किलोवॅटच्या आसपास ओढतो. खोली लवकर गार व्हावी म्हणून १८ वर लावायची सवय इतकी पक्की आहे, की मुलं आईवडिलांकडून ती घेतात. साध्या कॉम्प्रेसरचा एसी १८ वर लावा की २६ वर, थंड करण्याचा वेग तोच. १८ वर तो फक्त थांबत नाही. भिंतीतून आत येणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरते. बाहेर ३८ असताना आत २० ठेवलं तर फरक १८ अंशांचा, २६ ठेवलं तर १२ चा. म्हणजे भिंतींतून येणारा भार तिथेच एक तृतीयांशाने उतरतो. एसी २६ वर आणि सोबत पंखा, यावर ज्या घरांत एकमत होतं तिथे आम्हाला पुन्हा जावं लागत नाही.

पंख्यांचं गणित मला आवडतं, कारण त्यात विक्रेत्याला मोह फार होतो. जुना पंखा ७५ वॅट, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास फिरणाऱ्या पंख्यावर वर्षाला दोनशेच्या जवळ युनिटं वाचतात. पाहुण्यांच्या खोलीतला, दिवसाला एखादा तास फिरणारा पंखा बदलला तर वाचतात सोळा. तरीही गिऱ्हाईक म्हणतं, "सगळेच बदलून टाका, सारखे दिसतील." दिसण्यासाठी बदलायचे असतील तर खुशाल बदलतो, पण बचतीच्या कागदावर ते लिहीत नाही.

या काळात एक माल आमच्याकडे सारखा येत राहिला: प्लगमध्ये खोचायची वीज वाचवणारी डबी. आत बहुधा एक कॅपॅसिटर आणि एक हिरवा दिवा. ती पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतली प्रत्यक्ष कामी किती येते ते प्रमाण, सुधारते असं सांगतात. घरगुती मीटर साधारणपणे प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांचे पैसे लावतो, पॉवर फॅक्टरचे नाही. त्यामुळे डबीने बिल कमी होत नाही, उलट तिचा दिवा थोडी वीज खातो. मार्जिन घसघशीत होतं. आमच्या भागीदारीत जे दोन-तीन कडक वाद झाले त्यातला एक याच डबीवरून. मोजणी विकायची आणि शेजारच्या फळीवर डबी ठेवायची, हे जमणार नाही असं ठरलं. डबी दुकानात आली नाही.

तोवर दुसरीच तक्रार वाढत चालली होती. बिलाची नव्हे, भाराची. स्वयंपाकघरात इंडक्शन आलं, दुसऱ्या खोलीत एसी आला, कपडे धुण्याचं यंत्र पाणी तापवायला लागलं, खाली गाडी चार्जिंगला लागली. वायरिंग मात्र बल्ब, पंखे आणि एका फ्रिजच्या हिशेबाने घातलेलं. संध्याकाळी सगळं एकदम सुरू झालं की एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच, पडते. घरातला हुशार माणूस ती काढून मोठी लावतो आणि मग पडत नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर बत्तीस अँपिअरची एमसीबी आम्ही पाहिली आहे, एकदा नव्हे. एमसीबी वायरचं रक्षण करते. ती मोठी केली की पडायचं काम तिच्याऐवजी वायर करते, जळून.

याचं कारण साधं आहे. सांध्यावर तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. पाच अँपिअरवर वर्षानुवर्षं गप्प बसलेला ढिला जॉइंट पंधरा अँपिअरवर नऊपट तापतो. गाडीचा साधा चार्जर ३.३ किलोवॅटचा असतो, २३० व्होल्टवर चौदा-पंधरा अँपिअर, आणि तोही तासन् तास. गिझर सोळा मिनिटांत थांबतो, म्हणून त्याच बोर्डावर तो खपून जातो. गाडी रात्रभर ओढते आणि प्लगची पिन सकाळी काळी पडलेली सापडते. गाडीला मीटरपासून वेगळी लाइन, स्वतःची एमसीबी आणि आरसीसीबी (वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच), तपासलेलं अर्थिंग. यात आम्ही घासाघीस ऐकत नाही, काम सोडून देतो.

मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने घराला एकावेळी ओढायला दिलेली मर्यादा, वाढवून घ्यावा का, असं विचारतात. कधी घ्यावाच लागतो. पण जिथे स्थिर आकार मंजूर भारावर ठरतो तिथे तो दर महिन्याला वाढीव भरावा लागतो, वापर असो वा नसो. त्याआधी आम्ही वेळा बघतो. गाडी मध्यरात्रीनंतर, धुणं दुपारी, गिझर आणि इंडक्शन एकाच वेळी नाही. टायमर आणि थोडी शिस्त यावर पुष्कळ घरं आहे त्या भारात बसतात. भार कमी होणं आणि युनिटं कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या नव्या मुलांनाही समजायला वेळ लागतो: गाडी रात्री लावली म्हणून तिची युनिटं कमी होत नाहीत. वेळेनुसार दर बदलत असतील तरच बिलात फरक पडतो.

सोलरकडे आम्ही उशिरा वळलो, आणि ठरवून. सगळे विकत होते तेव्हा आमच्याकडे छतावर चढायला माणसं नव्हती. आता आहेत, पण क्रम आम्ही सोडत नाही: आधी घराची भूक कमी करा, मग उरलेल्या भुकेच्या मापाने पॅनेल घ्या. ऊन चांगलं असेल तिथे एका किलोवॅटमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिटं धरावीत. पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. त्याच्या वर दर अंशामागे ती ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते, आणि भर उन्हात पॅनेल ६० अंशांवर सहज जातं. शेजारच्या टाकीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन कोपऱ्यापेक्षा जास्त घसरू शकतं. आणि ही गोष्ट विक्रीच्या वेळी कुणी सांगत नाही म्हणून आम्ही पहिल्यांदा सांगतो: बॅटरी नसलेलं, लाइनला जोडलेलं सोलर वीज गेली की बंद पडतं. तारांवर काम करणाऱ्या माणसाला उलट बाजूने शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. "म्हणजे डोक्यावर ऊन आणि घरात अंधार?" हो, वहिनी, तसंच.

बॅटरीबाबत थोडक्यात. बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट. लेड-ॲसिड बॅटरी आणि इन्व्हर्टर मिळून चार युनिटं घातली तर तीनच्या आसपास परत देतात. म्हणून बॅटरी अंधारासाठी घ्यावी. बिलासाठी घेणार असाल तर आधी दिवसा-रात्रीच्या दरांतला फरक दाखवा, मग बोलू.

धंद्याच्या अंगाने हे सगळं सोपं गेलेलं नाही. तपासणीचे पैसे द्यायला लोक नाखूश असतात. वस्तू घेतली की पैसे गेल्याचं समाधान असतं. कुणी येऊन "काही घेऊ नका" असं सांगून पैसे मागितले की कपाळाला आठ्या. काही वर्षं आम्ही तपासणी फुकट करून मालावर कमवायचा विचार केला होता. भागीदाराचं म्हणणं पडलं, की तसं केलं तर आपली पोरं घरात शिरतानाच काय खपेल ते शोधतील. म्हणून तपासणीची फी वेगळी ठेवली, आणि तपासणाऱ्याला विक्रीवर काहीही मिळत नाही. कामं त्यामुळे कमी येतात. जी येतात ती बहुतेक कुणाच्या तरी सांगण्यावरून येतात.

भाड्याच्या घरातून फोन आला तर आधीच सांगतो: वायरिंग आणि गिझर मालकाचे, त्यांना विचारल्याशिवाय हात लावणार नाही. फ्रिज भिंतीपासून सरकवणं, त्याच्या दाराच्या रबरात कागदाची चिठ्ठी धरून पकड बघणं, एसीची जाळी धुणं, एवढ्यासाठी आम्हाला बोलवायची गरज नाही. चिठ्ठी सहज निसटली तर रबर बदला.

बोलवायचंच असेल तर मागच्या बारा महिन्यांची बिलं काढून ठेवा. एका महिन्याच्या बिलावरून ऋतू कळत नाही. बिलावर टप्प्याटप्प्याने दर वाढत असेल तर आम्ही सगळ्यात वरच्या टप्प्यातली युनिटं आधी बघतो, कारण वाचलेलं युनिट त्या महागड्या टोकाकडून कमी होतं. मीटरपर्यंत जायची वाट मोकळी ठेवा, आणि तपासणीच्या तासाभरात फ्रिज बंद राहील हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा.