घरी केबल मशीन घेताना आधी कमीत कमी वजन विचारा - माझा अनुभव

केबलचं मशीन, म्हणजे पुलीवरून जाणारी केबल ओढून वजन उचलायचं व्यायामाचं मशीन, बघायला कुठल्याही दुकानात गेलं की पहिल्यांदा सांगतात ते जास्तीत जास्त वजन. शंभर किलोचा स्टॅक आहे मॅडम, हा दीडशेचा आहे मॅडम. स्टॅक म्हणजे एकावर एक रचलेल्या वजनाच्या प्लेटा, पिन जिथे लावाल तेवढ्या उचलल्या जातात. मला पाहिजे होता उलटा आकडा, म्हणजे सगळ्यात वरच्या प्लेटला पिन लावली तर हातात नक्की किती किलो येतं आणि पिन एक घर खाली सरकवली की किती वाढतं, बस एवढंच. आणि खरं सांगते, हे धड सांगू शकेल असं दुकान सापडायलाच बराच वेळ गेला.

कारण असं की माझा उजवा खांदा आखडला होता, फ्रोझन शोल्डर. फिजिओकडे बरेच महिने जाऊन हात वर जायला लागला, मग ती म्हणाली आता ताकद आणायची, रबर बँडचं काम झालं, केबलवर हळूहळू वजन वाढवा. बँड जितका ताणाल तितका जड होत जातो, म्हणजे हात सगळ्यात लांब गेला की तिथेच सगळ्यात जास्त ओढ. केबलला पहिल्यापासून शेवटपर्यंत साधारण तेवढंच वजन राहतं. डंबेलचं वजन फक्त खाली ओढतं, केबल मात्र पुली जिथे लावाल तिथून ओढते. कोपर कमरेला चिकटवून हात बाहेर फिरवायचा व्यायाम उभ्याने डंबेल घेऊन होतच नाही, केबलवर एकदम व्यवस्थित होतो.

घरात वापरणारे तिघं. मी, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, आणि जिमला जाणारा मुलगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमधे मोठ्यांसाठी आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम सांगितलेत, आणि ६५ च्या पुढच्यांनी ३ किंवा जास्त दिवस तोल आणि ताकदीवर भर द्यावा असं म्हटलंय. सासूबाईंना मी हे दाखवलं तर त्या लगेच तयार झाल्या. म्हणजे एकाच मशीनवर आम्हा दोघींना दोन-तीन किलो हवे आणि मुलाला लॅट पुलडाऊनला (वरचा बार खाली ओढायचा पाठीचा व्यायाम) साठ, इथेच सगळा पेच होता.

आधी मल्टीजिम बघितली. एक स्टॅक, बसायची सीट, वर लॅटचा बार, समोर छातीच्या व्यायामाचं बटरफ्लाय, खाली पायाचं. पैशाच्या मानाने खूप काही मिळतं, पण पुल्या ठरलेल्या जागीच असतात, खांद्याच्या उंचीवर किंवा कमरेच्या उंचीवर केबल आणता येत नाही. माझे निम्मे व्यायाम तिथेच बाद. मग बघितला फंक्शनल ट्रेनर, दोन खांब, दोन स्टॅक, दोन्ही पुल्या वरखाली सरकतात. हा महाग आहे, पण आमच्यासाठी हाच बरोबर होता आणि त्याचं कारण पुलीचं गणित.

हे गणित दुकानात कोणी नीट सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते. काही मशीनमधे एकास एक असतं, पिन २० ला तर हातात २०. काहींमधे दोनास एक, म्हणजे स्टॅक सरकत्या पुलीला टांगलेला असतो, केबलच्या दोन पदरांत वजन वाटलं जातं, म्हणून पिन २० ला असली तरी हातात १०. बऱ्याच लोकांना ही फसवणूक वाटते, पण तसं नाहीये. वजन निम्मं होतं तशी केबल दुप्पट लांब बाहेर येते, त्यामुळे एक पाऊल पुढे जाऊन हात पूर्ण लांब करता येतो, स्टॅक वर जाऊन आपटत नाही. आणि माझ्यासाठी मोठी गोष्ट अशी की ५ किलोच्या प्लेटा असल्या तर हातात वाढतात अडीच अडीच किलो. दुखऱ्या खांद्याला अडीचवरून पाच जमतं, पाचवरून एकदम दहा नाही जमत!

मग मुलाचं काय? ७० किलोचे दोन स्टॅक घेतले तर एका हाताला ३५ मिळतात, पण दोन्ही केबल वर नेऊन एकाच लांब बारला अडकवल्या की ३५ आणि ३५ मिळून ७०. फक्त एक लक्षात घ्या, फंक्शनल ट्रेनरला मांड्या अडकवायचे पॅड बहुतेक वेळा नसतात, त्यामुळे वजन आपल्या स्वतःच्या वजनाच्या जवळ गेलं की माणूसच वर उचलला जायला लागतो. त्याची सोय बेंचवर करावी लागते.

आता सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट. प्रवासाची बॅग मोजायचा हुकवाला डिजिटल काटा असतो ना, तो मी पर्समधून घेऊन जायचे. हँडल काढून केबलच्या टोकाच्या कडीला (कॅराबिनर) काटा अडकवायचा, पिन २० ला ठेवायची आणि हळू एकसारख्या वेगाने ओढायचं, आकडा बघायचा, मग तसंच हळू परत सोडताना आकडा बघायचा. दोनास एकच्या मशीनवर दोन्ही वेळा १० च्या आसपास यायला पाहिजे. एका ठिकाणी ओढताना १३ च्या वर आणि सोडताना जेमतेम ७ दाखवत होतं. हा मधला फरक म्हणजे पुल्यांचं आणि प्लेटा ज्यांवरून वरखाली सरकतात त्या गाईड रॉडचं घर्षण. सोडतानाचं वजन असं गायब झालं तर निम्मा व्यायाम गेला, कारण खांद्याला हळू सोडणंच जास्त महत्त्वाचं असं फिजिओने मला बजावून सांगितलं होतं. जे घेतलं त्यावर ११ आणि ९ च्या आसपास आलं. दुकानदार आधी नुसते बघत बसले, मग त्यांनीच शेजारच्या मशीनला काटा लावून बघितला. हे शोरूममधेच करता येतं, म्हणून फोटो बघून ऑनलाइन मागवायचं मी टाळलं.

जागेचं बोलायचं तर भिंतीवर लावायची पुली आधी डोक्यात होती, जागा वाचते म्हणून. पण आमच्या बिल्डिंगच्या आतल्या भिंती सिपोरेक्सच्या आहेत, तो ठोकळा हलका आणि ठिसूळ, साधा फास्टनर रोजच्या ओढीने सैल होतो. आरसीसी कॉलम असेल किंवा मायवान पद्धतीने कॉंक्रीटच्या भिंती असतील तर विचार करा, जुन्या चार इंची विटेच्या भिंतीला तर हातच लावू नका. जमिनीवर उभं राहणारं मशीन स्टॅक आणि फ्रेम धरून अडीचशे किलोच्या वर जातं. आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो धरून डिझाइन करतात, म्हणून सोसायटीच्या ओळखीतल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरना घरी बोलावलं. त्यांनी खोलीच्या मधोमध नको, खाली बीम आहे त्या भिंतीलगत ठेवा म्हणून जागाच आखून दिली. बाल्कनीत ठेवू का विचारलं तर सरळ नाही म्हणाले, आणि तसंही पावसाळ्यात तिथे रॉड गंजले असते.

खांब सात फुटांच्या आसपास, ते लिफ्टमधे आडवे उभे कसेही बसेनात, जिन्यानेच आणले. फॉल्स सीलिंग असेल तर उंची त्याच्या खालून मोजा. खाली जाड रबर मॅट पाहिजेच, कारण प्लेट आपटली की खालच्या मजल्यावर ठणठण ऐकू जातं, आमच्या खालच्या काकूंना मी आधीच जाऊन वेळ विचारून आले, सकाळी सातनंतर चालेल म्हणाल्या.

देखभाल फार नाही. गाईड रॉड कोरड्या फडक्याने पुसून सिलिकॉन स्प्रे, ग्रीस नको, त्याला धूळ चिकटते. केबल मात्र बोटांनी चाचपून बघायची, विशेषतः टोकाच्या जोडाजवळ आणि पुलीवर वळते तिथे. वरचं प्लास्टिक चिरलं किंवा आतली तार टोचायला लागली की त्याच दिवसापासून वापर बंद, कारण ताणलेली केबल तुटली तर सरळ तोंडावर येऊ शकते. म्हणून पैसे देण्याआधीच मी दोन्ही केबलची लांबी आणि जाडी बिलावर लिहून घेतली आणि एक जास्तीची केबल त्याच ऑर्डरमधे मागवून ठेवली.