कामठी ते सदर, पायी

आईचे गुडघे गेले म्हणून मी चाललो, सुरुवात एवढीच होती.

आईचं माहेर कामठीचं, छावणीतलं. ही छावणी इंग्रजांनी 1821 मधे कन्हानच्या काठी वसवली आणि आमचे पणजोबा तिथे खानसामा होते, नंतर आजोबापण. आई सांगते की तिच्या लहानपणी 24 डिसेंबरला घरातले सातही जण पहाटे निघायचे आणि नाताळसाठी पायी नागपुरात सदरच्या चर्चला यायचे, कारण सात जणांचं बसभाडं परवडायचं नाही. पुढे परवडायला लागलं तरी आजीने चालणं काही सोडलं नाही. शेजारपाजारचे आषाढात पंढरपूरला जायचे तर आजी म्हणायची, आपली वारी हिवाळ्यातली. तेव्हापासून आमच्या घरात त्याला वारीच म्हणतात.

माझं म्हणाल तर ऑगस्टमधे माझी नोकरी गेली. एकवीस वर्षं एकाच कंपनीत काढली आणि एका शुक्रवारी अकरा जणांना आत बोलावून सांगितलं की सोमवारपासून येऊ नका. वय पंचेचाळीस, लेक अकरावीत, घराचे हप्ते चालू. बायको पाळणाघरात काम करते त्यावर घर चालून राहिलं होतं. नोव्हेंबरमधे आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, दोघं जण रेशनची पिशवी घेऊन घरी आले, तांदूळ, तेल, साखर, रवा, मैदा असं काय काय होतं, आणि मी दारातच हात जोडून म्हणलं की आमचं भागतं, कोणा गरजूला द्या. ते गेले तर मी दार लावून कितीतरी वेळ तिथेच उभा होतो. त्यानंतर उपासनेला शेवटच्या बाकावर बसायचं आणि शेवटचं गीत सुरू झालं की निघायचं, कोणी काही विचारू नये म्हणून.

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांतल्या, पहिल्या रविवारी आईने मला उपकारस्तुतीचं पाकीट दिलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे वाढदिवस झाला, ऑपरेशन नीट पार पडलं, लेकरू पास झालं की देवाचे आभार म्हणून असं पाकीट देतात, वर तीन ओळी असतात, नाव, रक्कम आणि कारण. आईने पेन्शनमधले 101 रुपये आत टाकले होते, नावाच्या ओळीवर माझं नाव लिहिलं होतं आणि कारणाची ओळ कोरी.

"माझ्याच्यानं आता होत नाही, माझ्या वतीने तू चाल. कारण तूच लिही."

मी म्हणलं, "आई, यावर्षी काय लिहू?"

"पंधरा किलोमीटर आहे नं, सुचेल."

23 ला संध्याकाळी मामाकडे गेलो. सोबत मामेभाऊ, त्याला आम्ही दादा म्हणतो, आणि आमच्या शेजारचे काका. काका माळकरी आहेत, एसटीतून रिटायर झाले आणि तेव्हापासून दरवर्षी वारी करतात. त्यांना हे आईकडून कळलं आणि ते आदल्या दिवशी स्वतःहून दारात आले. "मले बी येऊ दे नं बा, पायाले सवय राह्यते." आणि माझ्या पायाकडे बघून म्हणाले, "नवीन जोडे नको घालू हां." मी नवीनच घातले. जुने फाटले होते आणि फाटक्या जोड्यांनी चर्चमधे जायचं माझ्या जिवावर आलं होतं.

पहाटे पाचला निघालो. मामीने भाकरी, ठेचा आणि चार संत्री बांधून दिली. निघायच्या आधी मामाने अंगणातच प्रार्थना केली, काका टोपी काढून हात जोडून उभे राहिले. रस्ता सुनसान, चहाच्या टपऱ्या आत्ता कुठे उघडून राहिल्या होत्या, कुठे कुठे शेकोट्या, काही घरांवर कागदाच्या चांदण्या लावलेल्या आणि त्यातले दिवे रात्रभर तसेच जळत राहिलेले. लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली. दादाला जुन्या गोष्टींचं भारी वेड, तो म्हणाला ही लाईन पुढे गोंदिया करत राजनांदगावला जाते, 1893 मधे नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते तेव्हा डब्यात भेटलेल्या एका परक्या साहेबाने त्यांच्या हातात बायबलचा नवा करार दिला. दोन वर्षांनी, 1895 मधे, त्यांचा बाप्तिस्मा झाला. आम्ही लहानपणापासून पेटीवर ज्यांची भजनं म्हणतो त्यांची गोष्ट ह्या रुळांवर सुरू झाली हे मला माहीत नव्हतं. काकांनी विचारलं, "अभंग लिवले का त्यायनं?" दादा म्हणाला, "हो नं, अभंगच." काका खूश झाले आणि मग भिलगाव येईपर्यंत दादा एक ओळ म्हणायचा आणि काका त्यांच्या चालीत मागून धरायचे.

भिलगाव, खैरी, तोपर्यंत उजाडलं. मी चालता चालता येशूच्या आईबापांचा, योसेफ आणि मरियेचा, विचार करत होतो. नासरेथ ते बेथलेहेम म्हणजे साधारण नागपूर ते अमरावती एवढं अंतर पडतं, दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि बाई दिवसात असलेली. चित्रात नेहमी गाढव दाखवतात पण लूकच्या शुभवर्तमानात गाढवाचा उल्लेखच नाही. तिथे एवढंच आहे की नावनिशी लिहायचा हुकूम निघाला म्हणून ते गेले आणि उतरायच्या ठिकाणी जागा नव्हती. म्हणजे कदाचित तीपण चालतच गेली असेल. आणि योसेफ हा कमावता, हातात कला असलेला माणूस, स्वतःच्या बायकोला बाळंतपणासाठी साधी खोली देऊ शकला नाही. त्या रात्री त्याला काय वाटलं असेल ह्याचा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता, यावर्षी केला.

मी काकांना विचारलं, "काका, तुम्ही विठोबाला काय मागता?"

"वारीत मांगाचं नसते गा," ते म्हणाले, "भेटाले जाचं असते."

ऑटोमोटिव्ह चौक जवळ आला तोपर्यंत माझी डावी टाच पेटली होती. मी सांगितलं नाही, लंगडणं लपवत होतो, पण ज्याने इतक्या वाऱ्या केल्या त्याच्यापासून पाय काय लपणार. काकांनी एका बंद दुकानाच्या पायरीवर मला बसवलं आणि म्हणाले, "दे पाय इकडे." मी म्हणलं नको काका, मी करतो. "तुले दिसते का तुही टाच? दे."

वरून मेट्रो गेली. खाली फूटपाथवर एक सत्तरीचा माणूस, गळ्यात तुळशीची माळ, त्याने माझा पाय धरला आणि स्वतःच्या मांडीवर, पांढऱ्या स्वच्छ धोतरावर ठेवला. मोजा हळूच काढला. रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा फोड. त्यांच्या बटव्यात सुई होती, पांढरा दोरा आधीच ओवलेला, काडी पेटवून त्यांनी सुईचं टोक तापवलं, निवू दिलं, फोडाच्या एका बाजूने घातलं आणि दुसऱ्या बाजूने काढलं. दुखलं नाही. दोरा दाताने तोडला आणि दोन्ही टोकं बाहेर तशीच लोंबती ठेवली. "दोरा राहू दे, त्याच्यावरून पानी आपोआप निंघून जाते. कातडी नको काढू, तेच औषध हाय." मग बोटावर खोबरेल तेल घेऊन टाचेच्या भोवती गोल गोल लावत राहिले आणि मी रस्त्याकडे तोंड करून बसलो कारण माझे डोळे वाहायला लागले होते.

पवित्र गुरुवारी दरवर्षी आम्ही तो भाग वाचतो, येशू शिष्यांचे पाय धुतो आणि पेत्र म्हणतो तू माझे पाय कधीच धुवायचे नाहीस. मी इतकी वर्षं त्यात येशूचं वाकणं बघत आलो. पेत्राला किती लाज वाटली असेल हे मला त्या पायरीवर कळलं. आणि येशूने त्याला काय सांगितलं, तर मी तुला धुतलं नाही तर तुझा माझ्यात वाटा नाही. म्हणजे पाय पुढे करणं हापण विश्वासच आहे. मला ते जमत नव्हतं. ऑगस्टपासून मी सगळ्यांसमोर पाय पोटाशी घेऊन बसलो होतो.

काकांनी माझे नवीन जोडे दादाच्या पिशवीत टाकले आणि त्यांची जास्तीची चप्पल मला दिली. एक बोट लहान होती पण टाच मोकळी राहिली. तिथेच बसून आम्ही भाकरी खाल्ली. बेथलेहेम ह्या शब्दाचा अर्थच भाकरीचं घर असा आहे, हे मी काकांना सांगितलं तर ते घास हातात धरून थांबले. म्हणाले, "लय मोठी गोष्ट हाय ही." मग संत्रं सोलून प्रत्येकाच्या हातावर फोडी ठेवल्या.

पुढचा रस्ता मला फारसा आठवत नाही, टेका नाका, इंदोरा, कडबी चौक, ऊन चढलं होतं. गड्डीगोदामला तर आता खाली रस्ता, त्याच्यावर रेल्वे, त्याच्यावर 2024 मधे सुरू झालेला उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो असे चार मजले झालेत. आईला फोटो पाठवला, तिचा लगेच फोन, "अगोबाई, आम्ही चालायचो तेव्हा तिथे टांगे होते रे."

मधे एसएफएस, म्हणजे सेंट फ्रान्सिस डी सेल्स, ह्या कॅथलिक कॅथेड्रलला थांबलो. आम्ही प्रोटेस्टंट पण आजी तिथे थांबायचीच, तिच्या एका मैत्रिणीसाठी, म्हणून आम्हीपण थांबतो. काही पोरं गव्हाणीचा देखावा लावून राहिली होती, तणस पसरलेली, मेंढरं, मेंढपाळ, मरिया, योसेफ सगळे आपापल्या जागी, आणि मधली गव्हाण रिकामी. काकांनी विचारलं लेकरू कुठाय. एका पोराने सांगितलं की बाळ मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे उपासनेला, ठेवतात, तोपर्यंत जागा रिकामीच ठेवायची असते. काका त्या रिकाम्या तणसाला हात जोडून आले.

साडेदहाच्या सुमारास सदरला ऑल सेंट्स कॅथेड्रलमधे पोचलो. 1851 ची दगडी इमारत, आत शिरलं की बाहेरची पूर्ण सदर बंद झाल्यासारखी वाटते. फुलं लावणाऱ्या दोन बाया आणि कोणीतरी माईक तपासत होतं, बाकी कोणी नाही. आजी ज्या बाजूला बसायची त्या बाजूला बसलो. लहान होतो तेव्हा ती मला इथेच मांडीवर घेऊन झोपवायची. काका मागच्या बाकावर डोळे मिटून, ओठ हलत होते.

मी पाकीट काढलं आणि तरी लगेच लिहिता आलं नाही. बाकावरचं बायबल उघडून फिलिप्पैकरांस पत्र काढलं, प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेलं. पौल म्हणतो की आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे, हे वचन आमच्याकडे कॅलेंडरवर असतं, मला पाठ आहे, आणि यावर्षी त्याचा मला रागच येत होता कारण समाधानी होणं म्हणजे कोणाकडून काही न घेणं असं माझ्या डोक्यात बसलं होतं. पण ते वचन कुठे येतं ते मी नीट पाहिलंच नव्हतं. पौल कैदेत आहे, फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीतच्या हाती त्याला मदत पाठवली आहे आणि तो त्यांचे आभार मानून राहिला आहे! समाधानाची ती ओळ आभाराच्या पत्रातली आहे. तो म्हणतो मला भरून पावलं, तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे चांगलं केलं. पौलासारखा माणूस, ज्याने स्वतः तंबू शिवून पोट भरलं, तो पिशवी परत पाठवत नाही.

मग लिहिलं. ओळ लहान होती म्हणून पाकिटाच्या मागेपण लिहिलं. काकांची सुई, काकांची चप्पल, मामीची भाकरी, बायकोचा पगार, आईचे 101 रुपये, चार महिने एका शब्दाने मला न टोचणारी माझी लेक. अजून लिहिता आलं असतं, जागा संपली. पाकीट पेटीत टाकलं. दादाने प्रार्थना केली, माझ्या नोकरीसाठीपण केली, आणि मी पहिल्यांदा मोठ्याने आमेन म्हणलं.

परत जाताना मेट्रोने गेलो, काकांनी तिकीट काढलं आणि मी काढू दिलं.

संध्याकाळी घरी करंज्या तळणं चालू होतं, लेक त्यांच्या कडा कातत होती. मी बाहेर जाऊन चर्चच्या पाळकसाहेबांना फोन केला, म्हणलं, नोव्हेंबरमधे ती पिशवी मी परत पाठवली होती, चुकलं माझं, अजून कोणाकडे देण्यासारखी असेल तर मी येतो घ्यायला. ते जरा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अहो, ती त्याच संध्याकाळी वहिनी घेऊन गेल्या नं."

मी आत आलो. बायको कढईसमोर, पाठमोरी. मी विचारलं, हा मैदा त्यातला का? तिचा झारा थांबला. "तांदूळपण," ती म्हणाली, "तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

मी तिच्या बाजूला पाटावर बसलो आणि म्हणलं दे एक, गरम आहे तोवर. तिने बशीत दोन ठेवल्या.