आधी अंदाज, मग रन

हिंजवडीतील एका कंपनीत जावा डेव्हलपर म्हणून रुजू होऊन तीन वर्षे झाली असताना एका कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे लिहिलेला कोड सहकाऱ्याने तपासताना, टीम लीडनी मला "ही नल तपासणी इथे का आहे?" एवढेच विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. एखादी किंमत नल, म्हणजे रिकामी, तर नाही ना हे पाहणारी ती ओळ मी नेटवरून उचलली होती. ती टाकताच एरर दिसेनाशी झाली आणि मी पुढच्या कामाला लागले होते. त्या संध्याकाळी कोथरूडला परतताना बसमध्ये मी पूर्ण वेळ तोच प्रश्न मनात घोळवत होते.

आपले लक्ष लागत नाही, अशी माझी तोपर्यंत समजूत होती. पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही पोमोडोरो पद्धत मी महिनाभर पाळली. बैठक वाढली, कामात मात्र फरक पडला नाही. मग लक्ष नेमके केव्हा उडते याची मी वहीत नोंद ठेवू लागले, तेव्हा आठवड्याभरात दिसले की कोड कळतो आहे तोवर मी तासन्‌तास बसू शकते आणि एखादी ओळ काय करते हे कळेनासे झाले की हात फोनकडे जातो.

म्हणून मी एक नेम केला. रोज सकाळी साडेसहा ते आठ, फोन आईच्या खोलीत ठेवून, एक लहानसा प्रोग्राम लिहायचा, तो रन करण्याआधी उत्तर काय येईल ते वहीत उतरवायचे आणि अंदाज चुकला तर डीबगरमध्ये, म्हणजे प्रोग्राम थांबवत थांबवत चालवता येणाऱ्या साधनात, एकेक ओळ पुढे सरकत चूक शोधायची. पहिल्या पंधरवड्यात निम्म्याहून अधिक अंदाज चुकले आणि त्याचे मला फार वाईट वाटले.

सर्वांत जास्त शिकवले ते हॅशसेटने, म्हणजे समान नोंदी एकदाच ठेवणाऱ्या जावामधील संचाने. ग्राहक क्रमांक सारखा असेल तर दोन नोंदी समान मानाव्यात, अशी इक्वल्स मेथड मी लिहिली होती, त्यामुळे सेटमध्ये एकच नोंद उरेल असा माझा अंदाज होता, उरल्या दोन. ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम थांबवणारी खूण, लावून पाहिले तर प्रोग्राम माझ्या इक्वल्समध्ये शिरतच नव्हता. हॅशसेट आधी हॅशकोडवरून, म्हणजे ऑब्जेक्टसाठी काढलेल्या एका आकड्यावरून, कोणत्या कप्प्यात शोधायचे ते ठरवतो आणि हॅश जुळला तरच इक्वल्सकडे वळतो; मी हॅशकोडची मेथड लिहिलीच नसल्याने दोन्ही ऑब्जेक्टचे हॅश वेगळे आले होते. दोन्ही मेथड एकत्र लिहाव्यात हा नियम मी मुलाखतीत घडाघडा म्हणून दाखवला होता. तो कशासाठी आहे हे त्या सकाळी कळले.

चार महिन्यांनी मी त्या जुन्या नल तपासणीकडे वळले. ती काढल्यावर एरर परत आली. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधील बायसेक्ट ही सोय दर वेळी मधला कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, तपासायला देते आणि उरलेली यादी निम्मी करते, त्यामुळे सुमारे २३० कमिटमधून दोषी कमिट आठ तपासण्यांत सापडला. त्यात तारखेचा फॉरमॅट बदलला होता, परंतु ती वाचणारा कोड जुनाच राहिला होता आणि तारीख वाचता न आल्यास तो नल परत करत होता. वाचणारा कोड दुरुस्त करून मी ती ओळ काढली आणि रिव्ह्यूला पाठवताना कारण चार वाक्यांत लिहिले. या वेळी लीडनी काहीही न विचारता बदल मंजूर केला.