फिरते संत्रे आणि कळमन्यातली सकाळ

नोव्हेंबर महिना होता, संत्र्यांच्या आंबिया बहाराची आवक जोरात सुरू होती आणि नागपूरच्या कळमन्यातल्या फळबाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. मी तिथे गेलो होतो तो संत्री घ्यायला नव्हे, तर एक तक्रार ऐकून घ्यायला. तिथल्या एका जुन्या व्यापाऱ्यांची, म्हणजे काकाजींची, वेबसाइट मी दोन महिन्यांपूर्वी करून दिली होती आणि ‘तेव्हापासून नव्या पार्टीचा फोनच येत नाही’ असा त्यांचा निरोप आला होता. मला तो खरा वाटला नव्हता, कारण माझ्या आजवरच्या कामातली ती सर्वांत देखणी वेबसाइट होती.

तिचे रूप असे होते : उघडताच काटोलच्या बागेवरून सरकणारे ड्रोनचे चित्रीकरण, त्यावर सात सेकंदांत एकेक अक्षर उमटत जाणारे पेढीचे नाव आणि खाली स्वतःभोवती अखंड फिरणारे संत्रे. सनईही होती. क्रोम ब्राउझरने 2018 पासून आपोआप वाजणाऱ्या आवाजाला आळा घातला आहे, म्हणून मी मोठ्या हुशारीने पानावरच्या पहिल्या स्पर्शालाच सनई सुरू होईल अशी सोय केली होती.

काकाजींनी काही न बोलता दिवाणजींचा फोन माझ्या हातात दिला. पत्र्याच्या शेडखाली रेंजची जेमतेम एक रेघ होती. आधी बराच वेळ पांढरा पडदा दिसला, मग नावाची अक्षरे अडखळत उतरू लागली. “एवढ्या वेळात तर गाडी खाली होऊन जाते ना बावा,” काकाजी म्हणाले. अखेर फोन नंबर दिसला. मी त्यावर बोट टेकवायला आणि वरचे चित्र उशिरा येऊन अख्खे पान खाली ढकलायला एकच गाठ पडली. बोट पडले ते फिरत्या संत्र्यावर, आणि लिलावाच्या गलक्यात सनई वाजू लागली. क्रेट उचलणारे दोन हमाल हसत थांबले. मलाही हसू आले असते, पण ते काम माझेच होते.

दिवाणजींनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी माझ्या ध्यानीमनीही नव्हती. त्यांना चक्कर येण्याचा त्रास असल्यामुळे त्यांनी फोनमधली हलती दृश्ये सेटिंगमध्ये जाऊन बंद केली होती. ही निवड ब्राउझर वेबसाइटला कळवतो, ती पाळण्यासाठी सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, चार ओळी पुरतात, आणि त्याच मी लिहिल्या नव्हत्या. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ चालणारी हालचाल थांबवता आली पाहिजे, हा सुगम्यतेचा, म्हणजे वेबसाइट सर्वांना विनात्रास वापरता यावी यासाठीचा, नियम मी इतरांना समजावून सांगत असे, तरी माझे संत्रे मात्र कोणालाही थांबवता येत नव्हते.

ऑफिसला परतून मोजमाप घेतले. ड्रोनची फाइल 42 एमबीची होती. संत्रे 6 एमबीचे जिफ, म्हणजे हलत्या चित्राची फाइल, होते. 1987 सालचे हे स्वरूप एका चौकटीत 256 रंगच सामावते, त्यामुळे एवढे वजन वाहूनही सालीवर रंगांचे पट्टे पडलेले होते. पानातला मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा अशी गूगलची अपेक्षा असते. आमच्या पानावर तेवढ्यात पेढीचे नावसुद्धा पुरे होत नव्हते, कारण त्याला सात सेकंद मीच दिले होते.

काकाजींच्या मुलाला ड्रोनचे दृश्य काढणे मान्य नव्हते, आणि त्याची हौस मला समजत होती. ती मीच वाढवली होती. शेवटी मी त्याला एवढेच विचारले, की बाहेरगावचा खरेदीदार तुम्हाला फोनवर पहिला प्रश्न काय विचारतो? तो म्हणाला, “माल धुतलेला आहे का, साइज एकसारखी आहे का.” मग आम्ही ग्रेडिंग लाइनवर गेलो. धुतलेली, मेणाचा हलका थर चढलेली फळे रोलरवरून येत होती आणि लहान-मोठी आपापल्या कप्प्यात पडत होती. हे शब्दांत सांगायला परिच्छेद लागला असता. चित्रीकरणात 22 सेकंद पुरले. आवाज काढून टाकला, मराठी आणि हिंदी ओळी दिल्या, आणि आधी नुसते छायाचित्र दिसेल, त्यावर बोट ठेवले तरच व्हिडिओ उतरेल अशी व्यवस्था केली. प्रत्येक चित्राची लांबी-रुंदी आधीच नोंदवली, म्हणजे पान सरकणार नाही. संत्रे तेवढे स्थिर झाले. ड्रोनचे दृश्य मुलाने पेढीतल्या टीव्हीवर लावले, आणि खरे सांगायचे तर तिथे ते फार छान दिसते.

आठवड्याने त्याच शेडखाली, त्याच एका रेघेवर, काकाजींनी स्वतः दिवाणजींच्या फोनवर वेबसाइट उघडली आणि नंबरवर बोट ठेवले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो बाहेर काढला, नाव वाचले, आणि उचलला नाही. पुरता वाजू दिला.