देतेय ना अंडी!

“पिंजऱ्यातलं घरटं काढून ठेवायचं कशाला? देतेय ना अंडी!”

कोथरूडला मित्राच्या गॅलरीत त्याचे वडील हे कौतुकानं सांगत होते, आणि त्यांची झेब्रा फिंच (पिंजऱ्यात पाळतात ती छोटी चिमणी) मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून बसली होती. दांडीवर नाही, तळाशी. काकांना वाटलं, आराम करतेय. मला अंडं अडकल्याची शंका आली. ऊब द्यायची आणि थेट पक्ष्यांचा डॉक्टर गाठायचा, यात संध्याकाळची वाट बघायची नसते. काका कुरकुरले, पण निघाले.

पिंजऱ्यात राळा भरपूर होता. समुद्रफेसाचा, म्हणजे कॅल्शियमसाठी पक्ष्यांना देतात त्या कटलफिशच्या कवचाचा, तुकडा मात्र कुठे दिसला नाही. अंड्याच्या कवचाला कॅल्शियम लागतं. बाहेरून मिळालं नाही तर ती ते स्वतःच्या हाडांतून काढते. समुद्रफेस तर मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातही मिळतो.

ही चिमणी मूळची ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळावरची. तिथे पाऊस पडला, गवताला दाणे आले की वीण. दाणे संपले की थांबायचं. आपल्या पिंजऱ्यात वाटी कधी रिकामीच होत नाही. म्हणजे तिच्या लेखी बाराही महिने सुगी! म्हणून दोन-तीन विणी झाल्या आणि पिल्लं स्वतः दाणे टिपू लागली, की घरटं काढून ठेवायचं, नर-मादी काही महिने वेगळे करायचे.

हे सांगितल्यावर काकू आतून म्हणाल्या, “तरी मी म्हणत होते, तिला जरा सुट्टी द्या.”

पक्षी पाळणाऱ्यांत “किती पिल्लं काढली?” हे सगळेच विचारतात. मादी कशी आहे, हे कुणी विचारतं का?