तुम्ही विचारलंत म्हणून: स्किमर कुठला घ्यायचा आणि लावायचा कसा

"ताई, टँक चार फुटी आहे, स्किमर कुठला घेऊ?" कधी पिंपळे सौदागरहून, कधी सिंहगड रोडवरून, कधी आमच्याच सोसायटीतून हा प्रश्न येत असतो. टँक म्हणजे घरातलं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, आणि स्किमर म्हणजे त्याच्या पाण्यात बुडबुडे सोडून घाण फेसाबरोबर वरच्या कपात काढणारं यंत्र. स्किमर घरी आला की त्याच माणसाचा पुढचा प्रश्न येतो: "फेस वर चढतच नाही", नाहीतर "रात्रीतून कप भरून वाहिला, कॅबिनेटमध्ये पाणीच पाणी". मी उलट एकच विचारते. संपमध्ये, म्हणजे टँकखालच्या कॅबिनेटमधल्या छोट्या टाकीत, स्किमर जिथे उभा राहणार आहे तिथे पाणी किती सेंटिमीटर असतं, आणि दिवसभर तेवढंच राहतं का? बहुतेकांनी ते मोजलेलं नसतं. कंपनी, पंपाचे वॉट, कपाचा आकार यावर तासभर बोलणं होतं, पण स्किमर नीट चालणार की रोज डोकं खाणार हे मुख्यतः या एका आकड्यावर ठरतं.

आधी हे यंत्र करतं काय ते थोडक्यात. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, कोरलांचा (प्रवाळांचा) चिकट स्राव यांतून पाण्यात सेंद्रिय पदार्थ विरघळत राहतात. त्यांतल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि दुसरं पाणी टाळतं. असे रेणू हवा आणि पाणी जिथे भेटतात तिथे जाऊन चिकटतात. स्किमर त्यांना चिकटायला जागा पुरवतो: नळकांड्यात अखंड उठणारे बारीक बुडबुडे. ते वर चढतात, अरुंद मानेत त्यांचा फेस होतो, फेसातलं पाणी खाली निथळतं आणि घाण वरच्या कपात जाऊन पडते. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर पिवळट फेसाचे ढीग साचलेले दिसतात, तीही हीच क्रिया. खाऱ्या पाण्यात क्षारांमुळे बुडबुडे एकमेकांत मिसळत नाहीत, बारीकच राहतात. गोड्या पाण्यात ते एक होऊन मोठे होतात, म्हणून गोड्या पाण्याच्या घरगुती टँकवर स्किमर चालत नाही. याचा खरा फायदा असा की ही घाण कुजून तिचं नायट्रेट होण्याआधीच पाण्याबाहेर निघते.

पण त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची? अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी २००९ साली वेगवेगळ्या स्किमरांची मोजणी करून दाखवली होती. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३० टक्केच स्किमर काढू शकतो, बाकीचा त्याच्या हाती लागतच नाही. तपासलेल्या स्किमरांमध्ये अमुक एक सरस ठरावा असा फरकही दिसला नव्हता. मला हे फार मोलाचं वाटतं. महागडा स्किमर लावला म्हणून पाणी बदलणं आणि अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (घाण शोषून घेणारा कोळसा) वापरणं सुटत नाही. आणि भारी कंपनीचा परवडत नाही म्हणून कुणी हा छंद सोडून द्यावा, असंही काही नाही. टँक पन्नास-साठ लिटरचा असेल आणि त्यात दोनच छोटे मासे असतील, तर मी स्किमर घ्यायलाच सांगत नाही. आठवड्याला दहा टक्के पाणी बदला, तेवढं पुरतं.

मोठा टँक असेल तर मापाची टेप घ्या. संपच्या कप्प्याची लांबी, रुंदी, कॅबिनेटच्या छतापर्यंतची उंची आणि पाण्याची खोली, चारही मापं लिहून काढा. कॅबिनेटची उंची लोक विसरतात. स्किमर आत बसतो, पण कप काढायला वर जागाच उरत नाही, आणि मग रोज धुवायचा कप पंधरवड्यानं धुतला जातो. संपमध्ये उभे राहणारे बहुतेक स्किमर १५ ते २५ सेंटिमीटर पाण्यात चालण्यासाठी केलेले असतात. नेमकी खोली त्या-त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात असते, ती आधी बघा. पाणी खोल असेल तर खाली अ‍ॅक्रिलिकचं स्टँड करून स्किमर उचलता येतो. उथळ असेल तर कप्प्याची आडवी काच उंच करून घ्यावी लागते, आणि ते काम संपमध्ये पाणी भरायच्या आधीच होतं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे स्किमर अशा कप्प्यात हवा जिथलं पाणी काचेवरून ओसंडून पुढे जातं. तिथली पातळी हलत नाही. पुण्यात एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत, वर पंखे लावलेले असताना, चार फुटी टँकमधलं पाणी रोज भराभर उडतं. ती घट शेवटच्या, पाणी परत वर टँकमध्ये नेणाऱ्या रिटर्न पंपाच्या कप्प्यात दिसली पाहिजे, स्किमरच्या कप्प्यात नाही. कप्पे नसलेला संप असेल तर ऑटो टॉप-ऑफ (उडालेल्या पाण्याच्या जागी आपोआप गोडं पाणी भरणारं यंत्र) घेतल्याशिवाय स्किमर घेऊ नका.

खोक्यावरचे लिटर हा दुसरा घोळ. '५०० लिटरपर्यंत' असं छापलेलं असतं ते बहुधा मोजके मासे धरून. जास्त मासे धरून दिलेला आकडा शेजारी किंवा आत असतो, तो तुमच्या पाण्याशी जुळवा. पण "असू दे मोठा, पुढे कामी येईल" म्हणून दुप्पट-तिप्पट मापाचा घेऊ नका. फेस टिकतो तो घाणीच्या बळावर. रुंद मानेच्या मोठ्या स्किमरला पुरेशी घाण मिळाली नाही तर फेस मानेत निम्म्यावर येऊन फुटत राहतो आणि कपात काही पडत नाही. लिटरपेक्षा तुम्ही रोज किती खाणं घालता हे मी आधी विचारते.

परदेशातून कुणी आणून देणार असेल तर पंपावरचं लेबल वाचून घ्या. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. एसी पंप विजेच्या आवर्तनावर फिरतो, आणि ६० हर्ट्झसाठी घडवलेलं पातं आपल्याकडे हळू फिरतं. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज बदलेल, आवर्तन बदलणार नाही. डीसी पंपाला ही अडचण नाही, शिवाय त्याचा वेग बटणावर कमी-जास्त होतो. हात जरा सैल सोडता येत असेल तर मी डीसी घ्यायला सांगते.

माझ्या टँकमध्ये मासे मोजके आणि कोरल सगळी मऊ: झोअँथिड, मशरूम, लेदर. दगडी सांगाडा बांधणारी सगळी कोरल, शिवाय समुद्रपंखे, फायर कोरल, ऑर्गन पाइप, ही २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीनं. कुणी 'हार्ड कोरल मिळवून देतो' म्हणालं तर सरळ नाही म्हणा. आपल्या मालवणच्या पाण्यात आणि विजयदुर्गपासून दूर समुद्रात आंग्रिया बँकवर जे शिल्लक आहे ते तिथेच राहायला हवं. मऊ कोरलांचा स्किमरशी संबंध असा: लेदर अधूनमधून काही दिवस मिटून बसतं, अंगावर मेणचट थर येतो आणि मग ती कात पाण्यात सुटते. त्या दिवसांत कपात जास्त आणि पातळ माल येतो. तेव्हा स्किमरला हात लावू नका, कार्बन बदला.

आता लावणं. नव्या स्किमरच्या प्लास्टिकवर कारखान्यातला तेलकट अंश असतो. साध्या पाण्यानं धुऊन, व्हिनेगरच्या पाण्यात एखादा दिवस चालवून मग बसवा. तरीही पहिले काही दिवस, कधी दोन आठवडे, तो वेड्यासारखा वाहील किंवा काहीच करणार नाही. या काळात बाहेर जाणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवायचा आणि कप रोज बघायचा, बस.

तो स्थिरावला की अंगावर टॉर्च मारून बघा. खाली बारीक बुडबुड्यांचा दुधट पट्टा दिसतो. त्यातला एकेक बुडबुडा एक मिलिमीटरहूनही लहान असतो. वर एका उंचीवर हा पट्टा संपतो आणि मोठ्या, एकमेकांना टेकलेल्या बुडबुड्यांचा फेस सुरू होतो. ही सीमारेषा नीट ओळखता आली की निम्मं काम झालं. ती नळकांड्याचं अंग निमुळतं होऊन मान जिथे सुरू होते त्या जोडापाशी आणायची. व्हॉल्व्ह बंद करत गेलात की रेषा वर चढते, उघडलात की उतरते. पाव वळणापेक्षा जास्त फिरवायचं नाही, आणि एकदा फिरवलं की पुढचा पूर्ण दिवस हात मागे. हवेची नळी आणि पाण्याचा व्हॉल्व्ह एकाच दिवशी कधीच हलवू नका, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. मी हवा पूर्ण उघडी ठेवते आणि सगळं पाण्यावर जमवते.

कपात काय पडायला हवं? माझ्या मते कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी. त्याहून फिकं असेल तर तुम्ही मीठ-पाणीच उपसताय. अगदी डांबरी आणि घट्ट येत असेल तर फेस मानेतच सुकतोय, कमी निघतोय. काळाकुट्ट कप दाखवून लोक खूश होतात, मला मात्र थोडा पातळ आणि रोज नेमानं येणारा माल जास्त आवडतो. मानेच्या आत तपकिरी थर बसला की फेस चढताना अडतो, म्हणून दोन-तीन दिवसांनी मान बोटानं पुसून घ्या, कप धुवायला वेळ नसला तरी. आणि नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्य दाखवायला लागले, कोरल फिकी पडायला लागली, तर स्किमर रोज काही तास बंद ठेवायला किंवा खाणं वाढवायला हरकत नाही. पाणी जितकं निर्जीव तितकं चांगलं, असं कोरलांच्या टँकमध्ये नसतं.

फेस अचानक बसला की आधी हात आठवा. डोक्याला तेल लावून, पोळ्या लाटून तसाच हात संपमध्ये गेला असेल तर तेलानं फेस मोडतो, काही तासांनी आपोआप येतो. फ्रोझन खाणं घातल्यावरही असंच होतं. उलट क्लोरीन मारायचं औषध, कोरल चिकटवायची पुटी, माशांची औषधं यांनी तो उसळतो. अशा वेळी पंप बंद करा किंवा कप काढून ठेवा, पण सेटिंग फिरवू नका. बुडबुडे मोठे झाले, आवाज बदलला, तर हवेच्या तोंडाशी मीठ धरलंय. उन्हाळ्यात हे लवकर होतं. पंप चालू असतानाच हवेच्या नळीतून अर्धा कप कोमट आरओचं पाणी ओढू द्यायचं. तीन-चार महिन्यांनी पंप उघडून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवला की पात्यावरचा चुन्याचा थर सुटतो.

आता गुरुवार. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी. वीज गेली की वरच्या टँकमधलं थोडं पाणी पाइपांतून संपमध्ये उतरतं आणि पातळी काही सेंटिमीटर वर येते. वीज परत आली की रिटर्न पंप ते पाणी वर नेईपर्यंत स्किमर त्या चढलेल्या पातळीत सुरू होतो आणि कप भरून वाहतो. स्किमरचं सगळं जमलेलं असताना दर गुरुवारी गोंधळ होतो तो यामुळे. उपाय स्वस्त आहे: वीज आल्यावर दहा मिनिटांनी चालू करणारा डिले टायमर. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत विचारा, मिळेल. इन्व्हर्टरवर स्किमर घेऊ नका. त्यावर आधी पाणी हलवणारा पंप आणि एअर पंप हवेत, कारण वीज गेल्यावर मासे मरतात ते ऑक्सिजन संपल्यानं. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा, चौकोनी वेव्हवर एसी पंप गुरगुरतात आणि तापतात.

यातच एक धोक्याची गोष्ट. कपाला नळी लावून ती मोठ्या कॅनमध्ये सोडायची पद्धत आहे. ऑटो टॉप-ऑफ असेल तर ती टाळा. स्किमर वाहू लागला की खारं पाणी कॅनमध्ये जात राहतं आणि टॉप-ऑफ त्याच्या जागी गोडं पाणी भरत राहतो. सकाळपर्यंत पाण्याचा खारेपणा धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकतो. कॅन हवाच असेल तर त्यात फ्लोट स्विच बसवून तो स्किमर बंद करेल अशी सोय करा.

स्किमर खोलीतली हवा ओढतो, तासाला शेकडो लिटर. मे महिन्यात एसी लावून खिडक्या बंद केल्या की घरातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि टँकचा पीएच उतरतो. हवेची नळी खिडकीबाहेर नेली की तो बऱ्याचदा सावरतो. पण डासांचा स्प्रे, अगरबत्ती, रंगकाम, सोसायटीतली धूरफवारणी, दिवाळीचा धूर, हे सगळंही त्याच नळीतून पाण्यात जातं. डास मारायच्या औषधांतली पायरेथ्रॉइड मासे आणि कोळंबीला फार विषारी असतात. फवारणीची गाडी सोसायटीत शिरली की आमच्याकडे आधी स्किमर बंद होतो, मग खिडक्या.

सेकंड-हँड घ्यायचा का, असंही बरेच जण विचारतात. जरूर घ्या, अर्ध्या किमतीत चांगला माल मिळतो. फक्त विकणारा बादलीत नळाचं पाणी घेऊन चालवून दाखवत असेल तर फेस येणार नाहीच, त्यावरून तो स्किमर बाद करू नका. पंप उघडायला सांगा, सिरॅमिकचा दांडा तुटलेला नाही ना ते बघा, पातं हातानं फिरवून बघा, आणि कपाची मान प्रकाशात धरून चीर शोधा. पातं सुटं मिळतं का ते आधी विचारून ठेवा. मिळत नसेल तर किंमत आणखी पाडून मागा.